पाळण्याचा शेवट

बन्सीधर जागेपणी झोपलेला असतो आणि झोपेत जागा, असं सेलूत सगळे म्हणत. रस्त्याने चालताना त्याच्या डोळ्यांपुढे रस्ता कधी नसेच. तिथे हैदराबादेतला उंच छताचा एक वर्ग असे. दोनशे मुलं खाली मान घालून भराभर उतरवून घेत असत आणि काळा झगा घातलेला बन्सीधर खिडकीबाहेर बघत सावकाश बोलत असे. खिडकीबाहेर एक गुलमोहर होता. हा गुलमोहर त्याने इतक्यांदा पाहिला होता की कुठल्या फांदीला आधी फुलं येतात हेसुद्धा त्याला पाठ झालं होतं. असाच एकदा वर्गात शिरता शिरता तो हौदावर पाणी पिणाऱ्या बैलजोडीवर जाऊन आदळला. बैलांनी माना वर केल्या, तेव्हा बन्सीधर त्यांना मोठ्या सौजन्याने ‘बसा, बसा’ म्हणाला.

तर अशा या माणसाने प्रोफेसर व्हायचं ठरवलं होतं. एम. ए. पदरात पडलं होतं. आता प्रबंध लिहायचा, ज्याला हैदराबादेत मकाला म्हणत, आणि डॉक्टर व्हायचं एवढंच उरलं होतं. विषय त्याने निवडला तो पाळण्यांचा. आया लेकरांना झोपवताना जी गाणी म्हणतात ती आजवर कुणी गोळा केलेली नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. कुणी का केलेली नाहीत, हे मात्र लक्षात आलं नाही.

त्याचे मार्गदर्शक प्रोफेसर व्यंकटराव हे कडक गृहस्थ होते. त्यांनी पत्राने कळवलं की दसऱ्यानंतर विभागात व्याख्यात्याची एक जागा भरायची आहे. त्याआधी शंभर पाळणे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत संपूर्ण, टेबलावर आले तर बन्सीधरचा विचार होईल, नाहीतर दुसऱ्याचा. ‘संपूर्ण’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

इकडे बन्सीधरचे वडील दिनकरराव तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे. त्यांनीही दसऱ्याचीच मुदत दिली होती. कचेरीत अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, एक खुर्ची रिकामी झाली होती आणि ती त्यांनी मोठ्या शिताफीने मुलासाठी धरून ठेवली होती. बन्सीधरने ती खुर्ची पाहिली होती. तिच्यामागे खिडकी नव्हती, मिसलींनी, जुन्या खटल्यांच्या बाडांनी, खचाखच भरलेलं कपाट होतं. त्या कपाटाची आठवण झाली की गुलमोहराची फुलं आपोआप गळायला लागत.

अक्षय्यतृतीयेला त्याने कामाला सुरुवात केली आणि ती घरापासूनच केली. माळ्यावरचा जुना पाळणा काढला, ओसरीच्या कडीला टांगला, समोर वही घेऊन बसला आणि आईला म्हणाला, आता म्हण. दोरी ओढून दोन झोकेही दिले. कस्तुराबाई हातातली परात टाकून धावत आल्या आणि त्यांनी पाळणा दोन्ही हातांनी धरून थांबवला.

“रिकामा पाळणा हलवायलास? एम. ए. झालास आन् एवढं ठावं न्हाई तुला?”

रिकामा पाळणा हलवणं म्हणजे घरावर काय काय येऊ शकतं हे त्यांनी त्याला तासभर सांगितलं. ते त्याने उतरवून घेतलं असतं तर निदान एक परिशिष्ट तयार झालं असतं, पण त्याला ते सुचलं नाही. शिवाय पाळणा उतरवून ठेवायलाही कुणाला सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत तो ओसरीवर, भर रस्त्यासमोर, लटकत राहिला. अविवाहित मुलाच्या घरात पाळणा टांगलेला पाहून गल्लीने काय समजायचं ते समजून घेतलं. जिंतूरचं एक स्थळ बन्सीधरसाठी चालून आलं होतं. त्यांचा आठ दिवसांत निरोप आला, की मुलाचं पहिलं लग्न कधी आणि कुठे झालं, तेवढं कळवावं. कस्तुराबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. बन्सीधरने मात्र वहीत शास्त्रशुद्ध नोंद केली: ‘पाळण्यासाठी मूल आवश्यक.’

स्वतःचं मूल नसल्यामुळे त्याला इतरांच्या मुलांवर अवलंबून राहावं लागलं. शेजारच्या छबूबाईचा मुलगा सहा महिन्यांचा होता. भल्या घरची बाई, तिने हो म्हटलं. बन्सीधर दाराबाहेर पोत्यावर बसला आणि आतून छबूबाईचा आवाज आला:

नीज माझ्या राजा, मामा गेला तुझा रानी,
आणील तुला कणसं, पिवळ्या सोन्यावानी.

बन्सीधरने दोन ओळी लिहिल्या. तिसरी लिहिली. चौथी लिहिताना त्याला वाटलं की गुलमोहराखाली कुणीतरी गार सावली अंथरली आहे. त्यानंतर त्याला काही वाटलं नाही. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, पाठीवर कुणीतरी गोधडी टाकली होती, आणि वहीत चौथी ओळ उतरणीला लागून कागदाबाहेर, थेट पोत्यावर जाऊन थांबली होती.

दुसऱ्या दिवशी तो निश्चय करून बसला. झोप त्याने थोपवली, पण तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर छबूबाईच गप्प झाली. बन्सीधरने दाराशी जाऊन पुढचं विचारलं. पुढचं कशाला, लेकरू झोपलं की, असं ती म्हणाली. झोपलेल्याला गाणं म्हणायचं म्हणजे जेवलेल्याला पुन्हा ताटावर बसवायचं, असं तिचं मत पडलं. बन्सीधरने तिला प्रबंधाचं महत्त्व, विद्यापीठाचा दर्जा आणि ‘संपूर्ण’ या शब्दाखालच्या दोन रेघा, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती पाणी आणायला आत गेली, तेव्हा या विद्वानाने कोंबडीचं पीस घेऊन त्या झोपलेल्या लेकराच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. पोराने जो टाहो फोडला त्याने गल्लीतली सगळी लेकरं उठली. त्या दिवसापासून बन्सीधर दिसला की बाया आपापली मुलं उचलून घरात जात. माणसाची मानमर्यादा किती पातळ असते हे त्याला तेव्हा कळलं.

वैजीनाथ वकील समोरच राहत. त्यांच्याकडे पक्षकार फारसे नसल्यामुळे सल्ले भरपूर शिल्लक असत. झोप येऊ नये म्हणून तोंडात हिरवी मिरची धरायची, हा त्यांनी खास उपाय सांगितला. पुढे खेड्यापाड्यांत हिंडताना बन्सीधर तो नेमाने करू लागला. मिरचीने झोप गेली हे खरं, पण डोळ्यांतून धारा लागल्या. पाळणा चालू असताना सुशिक्षित, तरणाताठा माणूस दाराशी बसून मुकाट्याने अश्रू ढाळतो आहे, हे पाहून बायांची मनं विरघळली. पंचक्रोशीत बातमी पसरली की पेशकाराच्या मुलाला लेकराची फार हौस आहे आणि नशीब मात्र साथ देत नाही. एका गावात त्याला सात बायांनी मिळून नारळ दिला. बन्सीधरने तो घेतला, कारण मिरचीमुळे त्याला नको म्हणता आलं नाही.

अशा रीतीने श्रावण लागेपर्यंत वहीत सत्तेचाळीस पाळणे जमा झाले. सगळ्यांना डोकं होतं, पोट होतं. पाय एकालाही नव्हते. कुठे दुसऱ्या कडव्याला लेकरू झोपलं, कुठे चौथ्या. एक गुणी बाळ तर ‘नीज’ एवढ्या एका शब्दावरच झोपलं होतं, आणि तो पाळणा अख्खा एकाच शब्दाचा भरला.

एकाच वेळी पुष्कळ बायांना गायला लावावं, म्हणजे एकीचं जिथे थांबेल तिथून दुसरी उचलेल, अशी कल्पना बन्सीधरच्या डोक्यात आली. देवगाव फाट्याजवळच्या शेतात खुरपणी चालली होती. दुपारच्या भाकरीच्या वेळी लिंबाला पाच झोळ्या बांधल्या होत्या आणि पाच आया त्या हलवत होत्या. बन्सीधर मिरची काढणार एवढ्यात बांधावरून पोलिसांचा जमादार आला. त्या काळी हैदराबाद संस्थानात चार माणसं जमवून काही म्हणायचं झालं तरी सरकारची इजाजत लागे. जमादाराने डोकी मोजली, झोळ्याही मोजल्या आणि विचारलं, “ये जलसा किसकी इजाजत से चल रहा है?”

पुढचे तीन आठवडे बन्सीधरने इजाजत मिळवण्यात घालवले. दरखास्त उर्दूत लिहिली. कचेरीतून ती पहिल्यांदा परत आली, कारण श्रोत्यांची संख्या आणि वय लिहिलेलं नव्हतं. त्याने ‘पाच इसम, वय चार ते अकरा महिने’ असं लिहिलं. ती दुसऱ्यांदा परत आली, कारण गाण्यात ‘राजा’ असा शब्द असून तो कोणाला उद्देशून आहे याचा खुलासा नव्हता. बन्सीधरने खुलासा केला की सदर राजा आईच्या मांडीवर असून त्याला अद्याप दात आलेले नाहीत. तिसऱ्यांदा श्रोत्यांच्या संमतीचा शेरा मागितला गेला. बन्सीधर पाचही लेकरांचे अंगठे घेऊन आला. त्यातल्या एकाने शाईचा अंगठा लगेच तोंडात घातल्यामुळे त्याचं तोंड आठ दिवस निळं राहिलं, आणि त्याच्या आजीने बन्सीधरच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला.

चौथ्यांदा दरखास्त परत आली ती त्याच्या वडिलांच्याच टेबलावरून. दिनकररावांनी घरात कधी कचेरी आणली नाही आणि कचेरीत कधी घर नेलं नाही. त्यांनी चष्मा वर करून मुलाला परक्या अर्जदारासारखं उभं केलं आणि शेरा वाचून दाखवला: जी गाणी गायली जाणार त्यांचा शेवटपर्यंतचा संपूर्ण मजकूर आगाऊ दाखल करावा, त्याशिवाय इजाजत मिळणार नाही.

“पण मला शेवट मिळवायचा आहे म्हणून तर इजाजत पाहिजे,” बन्सीधर म्हणाला.

“आन् इजाजत पाहिजे तर आधी शेवट आन,” दिनकरराव म्हणाले. मग आवाज खाली आणून, वडील होऊन ते म्हणाले, “बन्सी, खुर्ची चांगली हाय रे. दसऱ्याच्या आदल्या दिशी सांग.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच बन्सीधरला ते जास्त लागलं. त्या दिवशी घरी येताना त्याने वर्गात जायचा प्रयत्न केला. वर्ग होता, मुलंही होती, पण काळ्या झग्यात दुसराच कुणीतरी उभा होता. बन्सीधर चालता चालता थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला समोरचा रस्ता स्वच्छ दिसला, आणि तो थेट कचेरीकडे जात होता.

मग त्याने जमले तसे, एकेका दाराशी बसून, पाळणे गोळा करायला घेतले. गणपती उठले तेव्हा शंभराला तीन कमी होते आणि शेवट एकाचाही नव्हता. धीर करून त्याने वही हैदराबादेला पाठवली. उलट टपाली व्यंकटरावांचं पत्र आलं. हे पाळणे नसून पाळण्यांचे तुकडे आहेत, आळशी माणसाने अर्धवट टाकलेलं काम असं याला म्हणतात, मी स्वतः येऊन एक पाळणा शेवटपर्यंत ऐकणार आहे, तो ऐकवता आला तर प्रबंधावर सही करीन, न आला तर हा आपला शेवटचा पत्रव्यवहार समजावा. गाडीचा दिवस खाली लिहिला होता. दिवस परवाचाच होता.

आता एकच मार्ग होता: जे झोपतच नाही असं लेकरू. सेलू स्टेशनवरच्या गार्डाने त्याला तसं लेकरू सांगितलं. पूर्णा जंक्शनला रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन आसाराम याच्या घरी चार महिन्यांची पोर होती. तिचा जन्म डब्यांची जोडाजोड चालते त्या यार्डाला लागून झालेला. इंजिनांची ये-जा बघायला म्हणून ती जन्मल्यापासून डोळे उघडे ठेवून होती, असं गार्ड शपथेवर म्हणाला. बन्सीधरने प्रोफेसरांना पूर्णेलाच उतरण्याची तार केली आणि आदल्या दिवशीच्या गाडीने तो पुढे गेला.

व्यंकटराव सकाळच्या गाडीने उतरले ते वैतागूनच. रात्रभर डब्यात एक बकऱ्यांचा व्यापारी शेजारी होता. तशी व्यंकटरावांना घरी तरी झोप कुठे होती. गेली वीस वर्षं मी रात्री दोन तासांवर झोपत नाही, असं ते वर्गात अभिमानाने सांगत आणि मुलं धाकाने ऐकत. आता जवळून पाहताना बन्सीधरला त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. त्यात अभिमानाचं काही दिसेना.

आसारामच्या क्वार्टरसमोर ओट्यावर साडीची झोळी बांधली होती. आत पोर टक्क जागी होती आणि स्वतःच्या पायाचा अंगठा धरून आल्या-गेल्या माणसांची पाहणी करत होती. आसारामची आई धुरपताबाई दोरीशी बसली होती. मूळची पालमकडची ही म्हातारी, नऊ लेकरं आणि सतरा नातवंडं झोपवलेली. व्यंकटरावांसाठी स्टेशनातून एक आरामखुर्ची मागून आणली होती. ते तीत काठीसारखे ताठ बसले, खिशातून घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, “शेवटपर्यंत. मी ऐकतो आहे.”

बन्सीधरने नवी पेन्सिल काढली. भीतीने त्याची झोप अशी उडाली होती की मिरचीची गरजच पडली नाही. धुरपताबाईने एकदा झोळीकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि दोरी ओढली.

हलके हाले दोरी, खाली गोधडी मऊ,
झोप आली दारी, तिला आत येऊ देऊ.

आवाज चिरका होता, पण त्यात घाई नव्हती. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. पोर जागीच. बन्सीधरची पेन्सिल आनंदाने धावू लागली. पाचवं झालं, सातवं झालं. इथवर कुठलाच पाळणा आजवर पोचला नव्हता. यार्डात एक इंजिन फुसफुसत गेलं, पोरीने मान वळवून त्याला निरोप दिला. आठव्या कडव्यात गायी घरी आल्या, नवव्यात दिवे लागले, दहाव्यात विहिरीचं पाणी झोपलं. आणि अकराव्याच्या पहिल्या ओळीवर धुरपताबाईचा आवाज उतरत उतरत गेला आणि थांबला.

बन्सीधरने वर पाहिलं. झोळीत पोर टक्क जागी होती.

“आजी, थांबलाव का?” त्याने पेन्सिल झोळीकडे रोखली. “लेकरू जागंच हाय की.”

धुरपताबाईने ओठांवर बोट ठेवलं.

“तिची काय घाई हाय. तिला सारा जलम पडलाय. ज्याला झोप पायजे हुती, त्यो झोपला बग.”

व्यंकटरावांची मान खांद्यावर कलली होती. घड्याळ मांडीवरून घसरून धोतराच्या घडीत गेलं होतं. वर्गात दोनशे मुलांना कापरं भरवणारं ते तोंड अर्धवट उघडं होतं आणि त्यावर कडकपणाचा मागमूस नव्हता. म्हातारीने उठून आतून घोंगडी आणली आणि त्यांच्या अंगावर टाकली. घरी आलेल्या कुठल्याही थकलेल्या माणसावर टाकावी, तितक्या सहज टाकली.

सत्त्याण्णव दारांशी बन्सीधर जे शोधत होता ते सत्त्याण्णवही वेळा त्याच्या समोर घडलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याने ते अडथळा म्हणून वहीबाहेर ठेवलं होतं. आपल्या मूर्खपणाचं त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले, या वेळी मिरचीशिवाय. मग त्याने अकराव्या कडव्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘येथे प्रोफेसरसाहेबांना झोप लागली. पाळणा संपूर्ण.’ लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्या हाताने अहलकाराची खुर्ची ओढून घेतली आहे. तरी त्याने ते खोडलं नाही. खोटा शेवट जोडून झगा मिळवावा असं त्याला वाटेना.

व्यंकटराव जागे झाले तेव्हा दोन वाजून गेले होते. आपण कुठे आहोत हे त्यांना चटकन कळेना. मग घोंगडी दिसली, म्हातारी दिसली, वही पुढे धरून उभा असलेला विद्यार्थी दिसला. त्यांचा चेहरा पुन्हा कडक झाला.

“शेवट उतरवून घेतला?”

“हो, सर.”

त्यांनी वही घेतली आणि ती शेवटची ओळ वाचली. पुन्हा वाचली. बन्सीधरने डोळे मिटून घेतले. गुलमोहर दिसतो का ते त्याने पाहिलं, पण काहीच दिसलं नाही.

“माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली,” व्यंकटराव म्हणाले. आवाज इतका हळू होता की बन्सीधरला वाटलं ते दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. “ती म्हणायची तो पाळणा अर्धाच आठवतो मला. पुढचा विसरलो, असं मी आजवर समजत होतो.”

मग त्यांनी पिशवीतून बन्सीधरने टपालाने पाठवलेली जुनी वही काढली आणि फाउंटन पेन उघडलं. पहिल्या पानापासून सुरुवात करून प्रत्येक पाळण्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने ‘संपूर्ण’ असं लिहिलं. सत्त्याण्णव वेळा लिहिलं. ‘नीज’ या एका शब्दाच्या पाळण्याखालीही लिहिलं. शेवटी सही केली आणि दसऱ्यानंतर सोमवारी विभागात हजर व्हा, असं सांगून टाकलं. बन्सीधरने वाकून नमस्कार केला.

व्यंकटरावांनी घड्याळ शोधून काढलं, कानाला लावलं, खिशात ठेवलं आणि गाडी किती वाजताची आहे म्हणून विचारलं. साडेचारची, असं बन्सीधरने सांगितलं. प्रोफेसरांनी थोडा विचार केला. मग खुर्ची बाजूला सारून ते धुरपताबाईच्या शेजारी ओट्यावर आडवे झाले, घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि वर्गात बोलत त्याच करड्या स्वरात म्हणाले, “शास्त्रात एका पुराव्यावर भागत नाही, बन्सीधर. आजींना म्हणावं, अजून एक म्हणा.”